बाबांचं दुकान, आईचं घर

१२ जानेवारी

श्री. व्याहीबुवा यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोन करता आला असता, पण विहिणीने व्याह्यांकडे फोनवर तक्रार करू नये असं माझं मत आहे. तोंडातून गेलेला शब्द गेला. पत्र निदान पाकीट चिकटवण्याआधी फाडता येतं. हे तिसरं आहे, आधीची दोन फाडली.

गेल्या महिन्यात मुलं आपल्या दोघांकडे येऊन गेली, तेव्हा माझ्या लंबूने मला एक गोल स्पीकर दिला आणि फोनमध्ये गाण्यांचं खातं घालून दिलं. जगातलं कुठलंही गाणं, नाव घ्यायचा अवकाश. शाळेतून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी वाद्यसंगीत लावून रंग घेऊन बसायचं, एवढीच माझी चैन. तर होतं काय, आलाप सावकाश चढत असतो, मी चित्रातल्या आकाशाला हात घालते आणि अचानक सगळं गप्प. फोनवर अक्षरं येतात: ‘सध्या बाबांचं दुकान इथे वाजत आहे.’

आता माझी अवस्था ऐका. लंबू ‘बाबा’ म्हणायचा तो आमच्या ह्यांना, आणि त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. जन्मभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाने तिकडे जाऊन दुकान टाकलं? दोन दिवस मी याच विचारात होते. शिवाय तिथे वाजत काय होतं, तर कमरेला झटके द्यायला लावणारं गाणं. ह्यांचा स्वभाव तसा नव्हता. तिसऱ्या दिवशी डोक्यात उजेड पडला की खातं आमच्या सूनबाईंनी, म्हणजे तुमच्या ठकूने बनवलंय आणि ठकूचे बाबा तुम्ही. दुकान शिंप्याचं.

म्हणजे पोरांनी दोघांना मिळून एकच खातं दिलं आहे, आणि त्यावर एका वेळी एकालाच ऐकता येतं. तेव्हा नम्र विनंती, संध्याकाळच्या वेळी तुमच्या दुकानाने जरा विश्रांती घ्यावी. ह्यांना मी परत एकदा देवाघरी पोचवलं आहे. त्यांना पुन्हा उठवू नका.

आपली विहीण


१९ जानेवारी

श्रीमती विहीणबाई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपलं पत्र वाचून छातीवरचा दगड उतरला. मला वाटत होतं, दुकानात काहीतरी शिरलंय.

आमच्या दुकानात कात्री नसली तरी चालेल, पण गाणं पाहिजे. इतकी वर्षं रेडिओ होता. हल्ली रेडिओवर गाणं कमी आणि बडबड जास्त. बोलणाऱ्यांच्या नादाला लागून मी एकदा बाहीच्या जागी खिसा लावला. म्हणून ठकूने हा स्पीकर दिला. शिलाई मशीन ठेक्यावर चालतं, विहीणबाई. ठेका जलद असला की शिवण सरळ धावते. मी गाणं लावतो, पायाला लय सापडते, तेवढ्यात गाणं बंद. परत सुरू केलं की माझं येत नाही, तुमचं उरलेलं येतं. आणि तुमचं ते वाद्य, मोठं आहे यात शंका नाही, पण पुढचा सूर येईपर्यंत माणसाचं एक काज करून होतं.

परवा एका वकीलसाहेबांचं कोटाचं माप घेत होतो. तुमचं वाद्य सुरू झालं. ते उभ्या उभ्या पेंगले, आणि मी श्वास सोडलेल्या छातीचं माप लिहून घेतलं. कोट आता त्यांना फक्त झोपेत बसतो.

तरी मुलीकडचा म्हणून नव्हे, तर तुम्ही शिक्षिका आहात म्हणून माघार घेतो. पाचपर्यंत माझं, पाचनंतर तुमचं. पाचनंतर मी गाण्याशिवाय बटणं लावत जाईन. बटणाला ठेका लागत नाही.

तुमच्या ह्यांना माझ्यामुळे त्रास झाला, त्याबद्दल क्षमस्व. मोठा शांत माणूस होता. लग्नात माझ्याशी एकदाच बोलले, तेही हात धुवायची जागा विचारायला.

आपला व्याही


९ फेब्रुवारी

श्री. व्याहीबुवा यांस,
स.न.वि.वि.

आपलं वेळापत्रक उत्तम चाललं होतं. काल काय झालं ते सांगते.

आमच्या जुन्या मुख्याध्यापिकाबाई गेल्या. शाळेतल्या आम्ही निवृत्त बायकांनी माझ्या घरी शोकसभा ठेवली होती. खुर्च्या मागून आणल्या, फोटो मधोमध ठेवला. गणिताच्या बाई बोलल्या, भूगोलाच्या बाई रडल्या, आणि मग सगळ्या दोन मिनिटं उभ्या राहिल्या. त्या शांततेत कोपऱ्यातला गोल स्पीकर स्वतःहून उजळला आणि तुमचं कमरेचं गाणं पूर्ण आवाजात सुरू झालं.

मला तो बंद करता येईना. मी त्याच्यावर उशी ठेवली. उशीखालूनही ठेका ऐकू येत होता. आणि खरं सांगते, मुख्याध्यापिकाबाईंच्या सख्ख्या बहिणीचा पाय हलत होता. सभा संपल्यावर तिने मला बाजूला घेऊन गाण्याचं नाव विचारलं. मला ते ठाऊक असावं ही तिची कल्पना मला जास्त लागली.

तुम्ही गाणं तुमच्या स्पीकरवर लावायच्या ऐवजी माझ्यावर लावलंत, हे उघड आहे. फोनमध्ये सगळ्या स्पीकरांची नावं एकाखाली एक येतात. ‘बाबांचं दुकान’ आणि ‘आईचं घर’ यांतला फरक चष्मा लावून बघावा.

ती नावं बघताना एक गोष्ट दिसली. तिथे ‘आमचं घर’ आहे, ते मुलांचं. पण त्याखाली आता चौथं नाव आलंय: ‘माझी खोली’. हे तुमचं का? दुसरा स्पीकर घेतला असेल तर चांगलंच आहे, पण मग तिसऱ्याच्या घरात गोंधळ घालायचं कारण काय?

आपली विहीण


१५ फेब्रुवारी

श्रीमती विहीणबाई यांस,
शिरसाष्टांग.

शोकसभेबद्दल मान खाली घालून माफी मागतो. चष्मा कपाळावर होता आणि मी तो शोधत होतो, त्यात बोट घसरलं. त्या बहिणीला गाण्याचं नाव हवं असेल तर कळवीन.

‘माझी खोली’ माझी नाही. मला खोलीच नाही. ठकूची आई गेल्यापासून मी दुकानाच्या माळ्यावर झोपतो. तिथे दोन कपाटं, एक खाट आणि मागच्या गिऱ्हाइकांनी न नेलेले कपडे. स्पीकर ठेवायचा तर मला खाली उतरावं लागेल.

म्हणजे तो मुलांच्याच घरातला. आता नवरा-बायकोच्या घरात ‘माझी खोली’ कशाला लागते? मी विचार केला आणि मला एकच कारण सापडलं. राग मानू नका. जावईबापू घोरतात का? लग्नाआधी मुलाची उंची, पगार, स्वभाव सगळं बघितलं. उंची तर डोळ्यांत भरली, कारण त्यांच्या विजारीला मला वीतभर कापड जास्त घालावं लागलं. पण झोपलेला मुलगा कुणी दाखवत नाही. ठकूची झोप सावध. मांजर चाललं तरी उठते. बिचारी दुसऱ्या खोलीत जाऊन काहीतरी लावून झोपत असेल.

यात तुमच्या घराण्याला नाव ठेवायचा हेतू नाही.

आपला व्याही


२३ फेब्रुवारी

श्री. व्याहीबुवा यांस,
स.न.वि.वि.

हेतू नाही असं लिहिलंत म्हणजे हेतू होता. लंबू घोरत नाही. त्याचे वडील घोरायचे, पण ते लयीत.

तुमच्या पत्रानंतर मी लंबूला फोन केला. खोलीबद्दल विचारलं नाही, नुसतं म्हटलं, सूनबाईंना दे. म्हणाला, ती आंघोळीला गेलीय. रविवारी पुन्हा केला, ती आंघोळीला. काल दुपारी केला, तरी आंघोळीला. मग मी डोकं चालवलं आणि ठकूला केला. तिला म्हटलं, लंबू कुठाय? म्हणाली, भाजी आणायला गेलाय. तुम्हालाही काही सांगितलं असेल तर कळवा. मला तर आता आठवतंय, नवीन वर्षापासून मी दोघांचा आवाज एका फोनवर ऐकलेला नाही. एकीने इतकी आंघोळ करायची आणि एकाने इतकी भाजी आणायची, असा संसार मी पाहिलेला नाही.

आणखी एक. आपल्या फोनमध्ये अलीकडे काय काय वाजलं ते दिसतं. तुमची गाणी मी ओळखते, माझी मला ठाऊक आहेत. उरलेलं मुलांचं. त्यात ‘आमचं घर’ इथे एक माणूस एकट्यापुरता स्वयंपाक कसा करावा हे सांगतो. ‘माझी खोली’ इथे समुद्राच्या लाटा. नुसत्या लाटा, रात्री तास तासभर. आमच्या चित्रकलेच्या वर्गात जे मूल रोज समुद्र काढायचं, त्याच्या घरी काहीतरी बिघडलेलं असायचं.

रुसवा आहे, दुसरं काय. पोरं सांगत नाहीत आणि आपण विचारलं तर लाटा बंद करतील. तुम्हाला ते होडीचं गाणं आठवतं का? बसमध्ये ठकूच्या फोनची बॅटरी संपली आणि शेजारी बसलेल्या लंबूने आपल्या इयरफोनचं एक टोक तिला दिलं. एक कान याचा, एक कान तिचा, आणि वाजत होतं होडीचं गाणं. दोघं आपापला थांबा सोडून शेवटपर्यंत गेली. लग्नात ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली की माझ्या चुलत जावेने कानांवर हात ठेवले होते.

तुम्हाला दुसऱ्याच्या घरात गाणं लावता येतं, हे तुम्ही सिद्ध केलंच आहे. माझ्या मनात काय आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल.

आपली विहीण


२ मार्च

श्रीमती विहीणबाई यांस,
शिरसाष्टांग.

लक्षात आलं, आणि तुमच्याबद्दलचा आदर दुप्पट झाला. मला वाटायचं तुम्ही फक्त आकाश रंगवता.

मलाही ठकू भाजीचंच सांगते. मी जावईबापूंचं कौतुक करत होतो की बाजारहाट करतात. टाका उसवला असेल तर वेळेवर घातलेला बरा. उशीर केला की अख्खी बाही निघते.

तर असं करू. येत्या रविवारी संध्याकाळी सहाला मी ‘आमचं घर’ इथे होडीचं गाणं लावतो. आवाज पूर्ण, म्हणजे घरात कुठेही असले तरी ऐकू जाईल. ते संपलं की लगेच तुम्ही ‘माझी खोली’ इथे तेच लावायचं. दोघं दार उघडून बाहेर येतील, एकमेकांकडे बघतील, हसतील. पुढचं त्यांच्यावर सोडू. मी त्या दिवशी दुकान बंद ठेवतो आणि चष्मा दोरीने गळ्यात बांधतो.

रविवारी रात्री ठकूचा फोन नक्की येईल. त्या वेळी मी काहीच माहीत नसल्यासारखं बोलेन. सराव चालू आहे.

आपला व्याही


१२ मार्च

श्री. व्याहीबुवा यांस,
नमस्कार.

या पत्राआधी मी पाच पत्रं फाडली. पहिल्या चारांत तुमच्या लेकीबद्दल लिहिलं होतं. पाचव्यात माझ्या मुलाबद्दल. आता सहाव्यात जे झालं तेवढंच लिहिते.

रविवारी लंबूचा फोन आला. तो ‘आमचं घर’ मध्ये एकटा राहतो. एकट्याला भाडं झेपत नाही म्हणून घर सोडतोय. रविवारी सहाला नवीन भाडेकरू घर बघायला आले होते, नवरा, बायको आणि तिची आई. घर फार शांत आहे, असं हा त्यांना सांगत होता. त्याच क्षणी तुमची होडी सुटली. त्याने बंद केलं, तुम्ही परत लावलंत. त्याने पुन्हा बंद केलं, तुम्ही पुन्हा. शेवटी त्याने वायर ओढली. भाडेकरूंची आई म्हणाली, घरात काहीतरी आहे, आणि ती मंडळी गेली.

मग मी माझं कर्तव्य केलं. ‘माझी खोली’ ही खरंच एक खोली आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला, ठकूने भाड्याने घेतलेली. ती त्या वेळी, रविवार असूनही, संगणकावर ऑफिसच्या मोठ्या साहेबांशी बोलत होती. तिची बढती ठरायची होती. साहेबांना सगळं गाणं ऐकावं लागलं.

ती दोघं नोव्हेंबरपासून वेगळी राहतात. डिसेंबरमध्ये आपल्याकडे आली, हसली, जेवली, स्पीकर लावून दिले, तेव्हा त्यांचं ठरलेलं होतं. आपल्याला सांगायलाच आली होती म्हणे. तुमच्या दुकानात तुम्ही त्यांच्यासाठी मशीन थांबवलंत, माझ्याकडे मी दोघांचं एक चित्र काढून ठेवलं होतं. कुणाची जीभ उचलली नाही.

लंबूला मी विचारलं, मग ते गाण्यांचं खातं का अजून एकत्र ठेवलंय? तो म्हणाला, “ते तोडलं असतं तर तुमच्या दोघांची गाणी गेली असती, आई. तुम्ही नुकती ऐकायला लागला होता.”

फोन ठेवल्यावर मी स्पीकर पुसून ठेवला.

विहीण


२० मार्च

श्रीमती विहीणबाई यांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र यायच्या आधीच ठकू आली होती. कापड कापायच्या टेबलावर चढून बसली, लहानपणी बसायची तशी. मी तिला रागावायचं ठरवलं होतं, पण आधी तिनेच मला रागावलं. बढती मिळाली, ते तुम्हाला सांगून टाकतो. साहेबांना गाणं आवडलं.

मी तिला खूप विचारलं. मारलं का, दुसरी कुणी आहे का, पैशांचं काही आहे का. प्रत्येकाला नाही म्हणाली, आणि तुमच्या लंबूबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. मग मी म्हटलं, अगं, मग भांडण मिटवून टाका. ती म्हणाली, “भांडण असतं तर मिटवलं असतं, बाबा. आम्ही भांडतसुद्धा नव्हतो.”

घरी आलं की तो त्याच्या कानात त्याचं ऐकायचा, ही हिच्या कानात हिचं. एकमेकांना त्रास नको म्हणून. एकदा दिवसभर वीज नव्हती, दोघांची कानातली यंत्रं बंद पडली, तेव्हा समोरासमोर बसून बोलायला एक विषय सापडेना. पाहुण्यांसारखी एकमेकांना चहा विचारत राहिली. त्या दिवशी दोघांना कळलं, असं म्हणाली.

मी ठकूच्या आईशी जन्मभर रेडिओवरून भांडलो. तिला हळू गाणं हवं, मला जलद. रेडिओ एकच, त्यामुळे एकाचं कायम वाटोळं. पण नावं ठेवायला तरी दोघांत एक गाणं होतं. ही पोरं इतकी समजूतदार की दोघांनी दोन गाणी घेतली आणि समजूतदारपणातच संपली.

या आठवड्यात माझ्या हातून एक सदरा उलटा शिवला गेला. गिऱ्हाईक चांगलं होतं, म्हणालं घरात घालीन.

आता मला एक अडचण आहे. सही करताना हात थांबतो. कागदपत्रं झाली की मी तुमचा व्याही राहणार नाही. मग पत्राच्या वर काय लिहू आणि खाली काय लिहू? मी आजूबाजूला विचारलं. लग्न मोडलं की व्याह्यांना काय म्हणायचं, याला आपल्या भाषेत शब्दच नाही. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला माहीत असेल.

आपला,
(जे काही असेन ते)


६ मे

नमस्कार.

वरची जागा मोकळी सोडली आहे. शब्द मलाही सापडला नाही. मराठीच्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, गरज पडली नसेल.

लिहायला उशीर झाला. लंबूने मला वेगळं खातं करून दिलं, तुम्हालाही ठकूने दिलं असेल. आता माझं गाणं कुणी मध्येच बंद करत नाही. त्याचा एक तोटा आहे, ते शेवटपर्यंत ऐकावं लागतं. काही वाद्यसंगीत फार लांब असतं, हे मला या वयात समजलं.

यंत्राला दोष देऊ नका, असं मात्र मला तुमच्या पत्रावर सांगायचं होतं. आमच्याकडेही एकच रेडिओ होता. हे बातम्या ऐकायचे आणि मी त्या संपायची वाट बघायची. तीस वर्षं. त्यात प्रेम किती आणि सवय किती, ते मी कधी मोजलं नाही. मुलांनी मोजलं, एवढाच फरक. रागावून झालं, रडून झालं, आता मला त्यांचं थोडं कौतुकही वाटतं. लंबूला हे सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

बाकी विशेष नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, अठराला काढायचा आहे. लंबूची त्या आठवड्यात बाहेरगावी नोकरीतली परीक्षा आहे, म्हणून त्याला तारीख पुढची सांगितली. शेजारी चांगले आहेत. रिक्षा करून जाईन आणि येईन. हल्ली हे काम दात काढण्याइतकं सोपं झालंय.

आपली


११ मे

नमस्कार.

घाईत लिहितो, गिऱ्हाईक उभं आहे.

तुमचं पत्र ठकूने वाचलं. मी वाचायला दिलं नव्हतं, टेबलावर होतं. तिने रजा टाकली आहे. सतराला संध्याकाळी तुमच्याकडे पोचेल. तुम्ही नको म्हणाल हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, त्यांच्या नकाराचं पत्र येईपर्यंत मीच पोचलेली असेन.

तिला समजवायचा प्रयत्न करू नका. मी चोवीस वर्षं केला आहे.


२४ मे

नमस्कार.

अक्षर मोठं आलं आहे, कारण डॉक्टरांनी अजून बारीक लिहायला मनाई केलीय. वाचायला तुम्हाला सोयीचंच जाईल.

ऑपरेशन झालं. डॉक्टर तरुण आहेत. आत गेल्यावर त्यांनी विचारलं, आजी, कुठलं गाणं लावू? मला वाटलं, मन शांत राहावं म्हणून माझं काहीतरी लावतील. मी एका वाद्याचं नाव सांगितलं. ते म्हणाले, छान, पण मला झोप येईल, आणि स्वतःचंच लावलं. वर ते स्वतः गुणगुणायला लागले, आणि पूर्ण बेसूर. मला हलायची बंदी, बोलायची बंदी. डोळ्यापेक्षा कानाचे हाल जास्त झाले. पण हात हलका आहे, हे खरं.

ठकू सतराला आली, तुम्ही लिहिल्याप्रमाणे माझ्या नकाराच्या आधी. सामान ठेवलं, स्वयंपाकघरात गेली आणि डबे जिथे मी ठेवते तिथेच ठेवू लागली.

दुसऱ्या दिवशी लंबू आला. ठकूनेच त्याला खरी तारीख सांगितली होती. परीक्षा देऊन रात्रीच्या गाडीने आला, आणि येताच माझ्यावर ओरडला, मग माझे पाय दाबत बसला. तीन दिवस दोघं घरात होती. समेट झाला असं समजू नका. तो झालेला नाही आणि होणार नाही, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगते, कारण तुम्ही लगेच स्वप्नं शिवायला घ्याल.

मला डोळ्यावर पट्टी, दुसराही मिटून पडून राहायचा. ठकूने विचारलं, काही लावू का? मी नको म्हटलं. पडल्या पडल्या ऐकत राहिले. आधी दोघं बँकेच्या रांगेतल्या माणसांसारखी बोलत होती. औषध किती वाजता, दूध आलं का. मग कप कुणी फोडला यावरून जुंपली. ती म्हणे तू, तो म्हणे तू. चांगलं अर्धा तास चाललं. शेवटी ठकू हसायला लागली आणि मग तोही. इतका वेळ भांडताना मी त्या दोघांना लग्नातसुद्धा ऐकलं नव्हतं. आता ही दोघं बहुधा मित्र होतील. नवरा-बायको व्हायच्या नादात ते राहून गेलं असावं.

कप मीच फोडला होता, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. सांगितलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. दवाखान्यात मला आत न्यायच्या आधी खिडकीवरच्या बाईंनी ठकूला विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? मी खुर्चीत होते. सून म्हणावं तर खोटं, दुसरं काही म्हणावं तर सगळी कथा सांगा. मी तिच्या वतीने काहीतरी बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, “मी ह्यांची ठकू.”

बाईंनी मान वर करून विचारलं, म्हणजे?

ती म्हणाली, तेच लिहा. आणि त्यांनी लिहिलं.

तेव्हा तुम्ही माझे कोण, याची काळजी मी आता सोडली आहे. पत्राच्या वर तुम्हाला हवं ते लिहा. पाकिटावर पत्ता तेवढा नीट घाला, मागचं शेजारच्या जिन्यात गेलं होतं.